रामानुजन यांची पाटी चोरणाऱ्या वक्त्यास खुले पत्र

माननीय वक्ते,



२२ डिसेंबरला, राष्ट्रीय गणित दिनी, तुम्ही आमच्या शाळेत श्रीनिवास रामानुजन यांच्यावर भाषण केलेत. टाळ्या भरपूर मिळवल्यात, शाल-श्रीफळ स्वीकारलेत आणि तेच भाषण घेऊन पुढच्या शाळेकडे निघून गेलात. मागे जे राहिले ते निस्तरण्याचे काम आम्हा गणिताच्या शिक्षकांवर आले. पत्र खुले लिहिते आहे, कारण तुम्ही एकटे नाही. डिसेंबर आला की तुमच्यासारखे वक्ते गावोगाव फिरतात आणि सगळ्यांच्या भाषणात तीच एक गोष्ट असते.

ती गोष्ट तुम्ही अशी सांगितलीत. कुंभकोणमचा एक गरीब मुलगा होता. नामक्कलची नामगिरी देवी रोज रात्री त्याच्या स्वप्नात यायची आणि त्याच्या जिभेवर सूत्रे लिहायची. सकाळी उठून तो ती उतरवून काढायचा. पुढे तुम्ही हात उंचावून निष्कर्षही सांगितलात, की खरी प्रतिभा वरून येते, ती कष्टाने मिळत नाही, ज्याच्यावर कृपा होते तोच थोर होतो.

माझा तुमच्यावर आरोप चोरीचा आहे. एका माणसाचे कष्ट तुम्ही चोरलेत. त्याला हात देणाऱ्यांची नावे गाळलीत. त्याला ज्यांनी उपाशी ठेवले, नापास केले आणि शेवटी वाळीत टाकले, त्यांना मोकळे सोडलेत. आणि जाता जाता समोर बसलेल्या मुलांचा धीरही घेऊन गेलात. एवढा माल पाऊण तासात लंपास करणारा माणूस सत्कारमूर्ती म्हणून मिरवतो, याचा मला संताप आहे.

आधी कष्टांबद्दल बोलू. तुमच्या भाषणात देवी होती, स्वप्न होते, पण पाटी नव्हती. रामानुजन पाटीवर गणिते करत. कागद परवडत नसे, म्हणून पाटीवर लिहायचे, कोपराने पुसायचे, पुन्हा लिहायचे आणि शेवटचे उत्तर तेवढे वहीत उतरवायचे. पुसून पुसून त्यांचे कोपर काळे आणि खरखरीत झाले होते. त्यांच्या वह्यांत सूत्रे आहेत आणि सिद्धता जवळजवळ नाहीत, याचे एक मोठे कारण ही पाटी आहे. सिद्धतेपर्यंत नेणाऱ्या पायऱ्या कोपराखाली पुसल्या गेल्या. तुम्ही वहीत नुसते उत्तर पाहता आणि ते आभाळातून पडले असे जाहीर करता. आमच्या वर्गातल्या एखाद्याने पायऱ्या न लिहिता नुसते उत्तर लिहिले, तर त्याने पायऱ्या केल्याच नाहीत असे आम्ही मानत नाही. आम्ही विचारतो, ‘कच्चे काम कुठे केलेस?’ तुम्हाला तो प्रश्नसुद्धा पडला नाही.

ते कच्चे काम कुठे सुरू झाले तेही सांगते. शाळेत असतानाच त्यांनी लोनी यांचे त्रिकोणमितीचे पुस्तक संपवले. १९०३ च्या सुमारास जी. एस. कार यांचे एक जाडजूड संकलन त्यांच्या हाती आले. त्यात सुमारे ५००० प्रमेये आणि सूत्रे एकापाठोपाठ एक मांडलेली होती, सिद्धता बहुतेकांना नव्हती किंवा अगदी त्रोटक होती. परीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी केलेले ते रुक्ष पुस्तक. दुसऱ्या कोणी ते चाळून ठेवून दिले असते. हा मुलगा एकेक सूत्र घेऊन ते स्वतः सिद्ध करत बसला. पुढची काही वर्षे त्याने दुसरे फारसे काही केलेच नाही. गणिताच्या नादापायी बाकीचे विषय बुडाले आणि त्याची मोठी किंमत त्याने मोजली. वर्षानुवर्षे, दिवसाचे कितीतरी तास, एकाच विषयात डोके घालून बसलेल्या माणसाला रात्री त्याच विषयाची स्वप्ने पडली तर त्यात नवल कसले?

हा मुद्दा नीट समजून घ्या. स्वप्नात इलिप्टिक इंटिग्रल लिहिणारा हात दिसला, असे रामानुजन यांनी सांगितल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. इलिप्टिक इंटिग्रल! म्हणजे दिवसभर ते ज्यात बुडालेले असत तेच. स्वप्नात त्यांना होकायंत्र बांधायची युक्ती दिसली नाही, देवी कधी गणित सोडून शरीरशास्त्राकडे वळली नाही. उलट शरीरशास्त्राच्या पेपरात ते नापास झाले. बाहेरून ज्ञान ओतले जात असते, तर ते नेमके पाटीवर चाललेल्या कामाशीच का जुळले असते?

असा अनुभव फक्त भाविकांना येतो असेही नाही. फ्रेंच गणितज्ञ आँरी प्वँकारे यांनी आपला अनुभव लिहून ठेवला आहे. कुतांस गावी सहलीला गेलेले असताना घोडागाडीच्या पायरीवर पाऊल ठेवले आणि त्या क्षणी, गणिताचा विचारही मनात नसताना, अडलेल्या प्रश्नाची किल्ली त्यांना सापडली. त्यांनी त्याचे श्रेय पायरीला दिले नाही आणि कुठल्या शक्तीलाही दिले नाही. त्यांनी स्वच्छ लिहिले, की अशी झलक त्यालाच मिळते ज्याने आधी दिवसचे दिवस त्या प्रश्नाशी झटापट केलेली असते, आणि झलक मिळाल्यावरही ती तपासून, मांडून, सिद्ध करण्याचे काम उरतेच. हा प्रामाणिकपणा तुमच्या भाषणात औषधालाही नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, नामगिरीचे नाव रामानुजन यांनीच घेतले होते. घेतले होते. त्यांच्या घरची ती कुलदेवता, आईची तिच्यावर अपार श्रद्धा, मुलगाही त्याच वातावरणात वाढलेला. त्या श्रद्धेने त्यांना उपाशी दिवसांत आणि परक्या देशात आधार दिला असेल आणि तो आधार खरा आहे. माझ्याही घरात देव्हारा आहे, मीही रोज दिवा लावते. पण आधार मिळणे आणि उत्तर मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आई परीक्षेला जाणाऱ्या लेकराच्या हातावर दही-साखर ठेवते, म्हणून पेपर आईने सोडवला असे कोणी म्हणत नाही. रामानुजन यांनी नम्रपणे आपले श्रेय देवीच्या पायाशी ठेवले. तो त्यांचा अधिकार होता. ते तिथून उचलून ‘यात माणसाचे काही नव्हतेच’ असे सांगत फिरण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

आणि सूत्रे देवीची असतील, तर चुका कोणाच्या? १६ जानेवारी १९१३ च्या ज्या पत्राने केंब्रिजमध्ये गणितज्ञ जी. एच. हार्डी यांची झोप उडवली, त्याच पत्रात रामानुजन यांनी मूळ संख्यांबद्दल एक मोठा दावा केला होता. एखाद्या संख्येपर्यंत किती मूळ संख्या आहेत, हे जवळजवळ अचूक सांगणारे सूत्र आपल्याला सापडले आहे असे त्यांनी लिहिले. ते चूक होते. ज्या झीटा फलनावर हा सगळा प्रश्न उभा आहे, त्याची संमिश्र शून्ये त्यांनी हिशेबात घेतली नव्हती, कारण तो सिद्धांत शिकवणारे त्यांच्याजवळ कोणी नव्हते. पुढे १९१५ मध्ये त्यांनी अतिसंयुक्त संख्यांवर मोठा शोधनिबंध लिहिला. आपल्याहून लहान कोणत्याही संख्येपेक्षा जिला जास्त विभाजक असतात ती अतिसंयुक्त संख्या. उदाहरणार्थ १२ ला सहा विभाजक आहेत, १२ पेक्षा लहान एकाही संख्येला तितके नाहीत. अशा संख्यांची यादी त्यांनी हाताने आकडेमोड करून ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत नेली. शंभराहून जास्त संख्या. त्यांत २,९३,३१,८६,२५,६०० ही एक सुटली. सांगा ना, देवी तेवढ्यापुरती डुलकी घेत होती का? मला तर त्या सुटलेल्या एका संख्येपुढे नतमस्तक व्हावेसे वाटते. कारण तिच्या मागे-पुढे उभ्या असलेल्या बाकी सगळ्या संख्या एका माणसाने बसून, मोजून, घासून काढल्या, याची ती साक्ष आहे.

साक्ष आणखीही आहे. त्यांचे सर्वात सुंदर समजले जाणारे काम विभाजनांवरचे. ४ ही संख्या बेरजेच्या रूपात किती प्रकारे मांडता येते? ४, ३+१, २+२, २+१+१, १+१+१+१, म्हणजे पाच प्रकारे. १०० घेतली की हेच प्रकार १९,०५,६९,२९२ होतात. पर्सी मॅकमेहन या तोफखान्यातल्या माजी मेजरने २०० पर्यंतचा असा तक्ता हाताने तयार केला. २०० साठीचे उत्तर ३९,७२,९९,९०,२९,३८८. रामानुजन त्या तक्त्याकडे बघत बसले. ४ ची ५ विभाजने, ९ ची ३०, १४ ची १३५, १९ ची ४९०. शेवटी ४ किंवा ९ असलेली कोणतीही संख्या घ्या, तिच्या विभाजनांची संख्या ५ ने भागली जाते. हे त्यांच्या लक्षात आले आणि मग त्यांनी ते सिद्ध केले. ते कुठून सुचले हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे: मॅकमेहन यांच्या तक्त्यावरून. ज्याला तुम्ही साक्षात्कार म्हणता तो एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या रटाळ आकडेमोडीतून निघाला. तुमच्या गोष्टीत या मेजरला जागा कुठे आहे?

आणि विभाजनांची संख्या काढणारे ते प्रसिद्ध सूत्र १९१८ मध्ये दोघांच्या नावाने छापले गेले, हार्डी आणि रामानुजन. हार्डी कट्टर नास्तिक होते, कॉलेजच्या प्रार्थनागृहात पाऊल टाकायलाही तयार नसत. एका सूत्राचा अर्धा भाग देवीने सांगितला आणि उरलेला अर्धा नास्तिकाला सुचला, असे तुमचे म्हणणे आहे का? हार्डी यांनी पुढे स्पष्टच लिहिले, की सगळे गणितज्ञ मुळात एकाच पद्धतीने विचार करतात आणि रामानुजन त्याला अपवाद नव्हते. रामानुजन यांच्याबरोबर रोज बसून काम केलेल्या माणसाची ही साक्ष आहे. तुम्ही मात्र ऐकीव गोष्टींवर भाषण ठोकलेत.

१७२९ चा किस्सा तर तुम्ही चमत्कार म्हणूनच रंगवलात. आजारी रामानुजन यांना भेटायला हार्डी पटनीला गेले, टॅक्सीचा नंबर १७२९ होता, तो नीरस आहे असे ते म्हणाले, आणि रामानुजन यांनी तत्क्षणी सांगितले की दोन घनांच्या बेरजेच्या रूपात दोन प्रकारे लिहिता येणारी ही सर्वात लहान संख्या आहे. १ आणि १२ चे घन, किंवा ९ आणि १० चे घन. किस्सा खरा आहे. पण घनांच्या अशा समीकरणांवर या माणसाने काम केले होते. ९ आणि १० चे घन मिळून १२ च्या घनापेक्षा बरोबर एकने जास्त भरतात, हे आणि असे आणखी किती नमुने त्यांच्या कागदांत सापडले आहेत. आयुष्यभर संख्यांच्या संगतीत राहिलेल्या माणसाला ओळखीची संख्या दिसली आणि त्याने तिला नावाने हाक मारली. हे चमत्कारापेक्षा कितीतरी मोठे आहे, आणि ते मुलांना सांगितले असते तर त्यांनी घरी जाऊन घनांचा पाढा तरी केला असता.

आता गाळलेल्या नावांकडे येते. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी १९०७ मध्ये व्ही. रामस्वामी अय्यर यांनी सुरू केली, तिचे मुख्यालय आपल्या पुण्यात होते. नोकरी मागायला आलेल्या रामानुजन यांच्या वह्या पाहून याच अय्यरांनी त्यांना योग्य माणसांकडे पाठवले, आणि याच सोसायटीच्या नियतकालिकात १९११ मध्ये त्यांचा बर्नोली संख्यांवरचा पहिला शोधनिबंध आला. नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांनी त्यांना दरमहा २५ रुपये स्वतःच्या खिशातून दिले, कामाची कुठलीही अट न घालता. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये ३० रुपयांची कारकुनी मिळाली. तिथले नारायण अय्यर स्वतः गणित जाणणारे, ते रात्री त्यांच्याबरोबर पाटी घेऊन बसत. प्रमुख सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी शब्द टाकला. केंब्रिजच्या इतर गणितज्ञांनी रामानुजन यांच्या पत्रांची दखल घेतली नव्हती. हार्डी आणि लिटलवूड यांनी ती घेतली. केंब्रिजचेच ई. एच. नेव्हिल मद्रासला येऊन त्यांना भेटले, विलायतेला येण्यासाठी त्यांचे मन वळवले आणि पैशांची व्यवस्था करायला झटले. एवढ्या माणसांची साखळी जुळली तेव्हा १७ मार्च १९१४ रोजी रामानुजन यांची बोट मद्रासहून सुटली. या साखळीतले एक नाव जरी तुम्ही घेतले असतेत, तर समोर बसलेल्या संस्थाचालकांना आणि पालकांना आपले कर्तव्य कळले असते. देवीचे नाव घेतल्यावर कोणालाच २५ रुपये काढावे लागत नाहीत.

तुम्ही ज्यांना मोकळे सोडलेत त्यांची यादीही आहे. कुंभकोणमच्या कॉलेजात गणिताखेरीज इतर विषयांत नापास झाल्याने त्यांची शिष्यवृत्ती गेली. मद्रासच्या पचैयप्पा कॉलेजातही तीच गत झाली आणि एफ. ए. ची परीक्षा त्यांना कधीच पार करता आली नाही. एकाच विषयात अफाट चालणाऱ्या मुलासाठी त्या व्यवस्थेत दार नव्हते, आणि आजही आपण ते फारसे रुंद केलेले नाही. मग समुद्र ओलांडण्यावरची धर्माच्या नावाची बंदी. हार्डींचे पहिले बोलावणे त्यांनी याच बंदीच्या भीतीने नाकारले होते. ही बंदी माणसांनी घातलेली होती. परत आले तेव्हा ते रॉयल सोसायटीचे आणि ट्रिनिटी कॉलेजचे फेलो होते, पण शरीर संपले होते. क्षयावरचे उपचार चालू होते. पुढे एका डॉक्टरने जुने कागद तपासून म्हटले, की तो आजार बहुधा अमीबामुळे झालेला यकृताचा विकार असावा आणि त्या काळातही बरा होण्यासारखा असावा. २६ एप्रिल १९२० रोजी ३२ वर्षांचे असताना ते गेले. समुद्र ओलांडून आले आणि प्रायश्चित्त घेतले नाही म्हणून अनेक कर्मठ नातलग अंत्यविधीला फिरकले नाहीत. ज्याच्या तोंडून देवी बोलते असे तुम्ही आज सांगता, त्याच्या चितेजवळ उभे राहायला धर्माचे नाव घेणारे तयार नव्हते. हे पाप आधी सांगा, मग कृपेबद्दल बोला.

पत्नी जानकी यांना १९९४ पर्यंत आयुष्य मिळाले. त्यांनी अनेक वर्षे शिवणकाम करून दिवस काढले. नवरा शेवटच्या दिवसांत वेदना विसरण्यासाठी सतत गणिते करत असे, हे त्यांनीच सांगितले. १२ जानेवारी १९२० रोजी अंथरुणावरून हार्डींना लिहिलेल्या शेवटच्या पत्रात रामानुजन यांनी ‘मॉक थीटा’ नावाची नवी फलने मांडली. त्यांचा पुतळा उभारण्याचे आश्वासन पाळले गेले नाही, ही खंत जानकी यांनी बोलून दाखवली, तेव्हा १९८० च्या दशकात देशोदेशीच्या गणितज्ञांनी वर्गणी काढून अर्धपुतळा घडवून घेतला. देवीचा लाडका म्हणून जयजयकार करणे फुकट असते. त्याच्या विधवेची विचारपूस करायला पदरमोड करावी लागते.

त्यांच्या मागे राहिलेल्या वह्यांचेही असेच. त्यांच्या हस्ताक्षरातल्या वह्या १९५७ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जशाच्या तशा छापल्या. १९७६ मध्ये ट्रिनिटीच्या ग्रंथालयात जॉर्ज अँड्र्यूज यांना शेवटच्या वर्षातल्या कागदांचा गठ्ठा सापडला. ब्रूस बर्न्ट यांनी वह्यांमधल्या तीन हजारांहून अधिक निष्कर्षांच्या सिद्धता मिळवण्यात आयुष्याची वर्षे घातली, त्यांचे पाच खंड १९८५ ते १९९८ या काळात आले. देवीची वाणी म्हटली की फक्त हात जोडायचे. या माणसांनी हात जोडले नाहीत, एकेक ओळ तपासली, बहुतेक बरोबर निघाल्या, काही चुकीच्या निघाल्या. रामानुजन यांचा यापेक्षा मोठा सन्मान दुसरा नाही.

आपल्या मातीतला दाखला हवा होता तर तो देवळालीत होता. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे शाळामास्तर. १९२७ मध्ये फर्ग्युसनमध्ये शिकताना त्यांनी रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळवले. तेच रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, दापोलीजवळच्या मुर्डीचे, १८९९ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर झालेले आणि उघड बुद्धिवादी. कापरेकर मास्तरांनी वर्गात शिकवता शिकवता १९४९ मध्ये ६१७४ ही संख्या शोधली. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, पुढे ८३५२, पुढे ६१७४. जास्तीत जास्त सात पावलांत ६१७४ येतेच. इथे अनेकांनी त्यांच्या या नादाची टिंगल केली. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला हा मास्तर कळला. कापरेकरांच्या नावाभोवती स्वप्नाची गोष्ट नाही, म्हणून तुमच्या भाषणात ते नव्हते. शेजारच्या शाळेतला मास्तर वजाबाक्या करत करत जगप्रसिद्ध होतो, हे मुलांना कळले तर त्यांनाही वजाबाकी करावीशी वाटेल.

त्या मुलांबद्दलच शेवटचे बोलते, कारण खरा राग तिथला आहे. तुमच्या भाषणानंतरच्या आठवड्यात नववीतली एक मुलगी माझ्याकडे आली. हुशार आहे, पण एकेका उदाहरणाला तिला वेळ लागतो. तीन-चारदा खोडून मग उत्तर येते. तिने विचारले, ‘बाई, मला एवढं खोडावं लागतं, म्हणजे गणित माझ्यात नाहीच ना?’ तुमच्या त्या उंचावलेल्या हाताचे हे फळ आहे. ज्यांच्यावर कृपा झाली तेच थोर, हे वाक्य व्यासपीठावर शोभून दिसते. ते वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचते तेव्हा त्याचा अर्थ एवढाच उरतो, की तुझ्यावर झालेली नाही, तू बस. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ या वृत्तीची टर आपल्या भाषेने केव्हाच उडवली. तुम्ही माईक हातात घेऊन तीच वृत्ती शिकवता आणि तिला संस्कार म्हणता.

प्रतिभा सगळ्यांना सारखी मिळते असे मी म्हणत नाही. रामानुजन यांच्यात काहीतरी असामान्य होते आणि ते काय होते हे अजून कोणाला पुरते सांगता आलेले नाही. पण जे सांगता येत नाही त्यावर देवीचे नाव चिकटवले म्हणजे ते समजले असे होत नाही. उलट शोध तिथेच थांबतो. ते असामान्य जे काही होते, ते पाटीवर घासल्याशिवाय वहीत आले नाही. २५ रुपयांशिवाय ते जगले नसते. हार्डींच्या तपासणीशिवाय जगाला कळले नसते. एवढे तरी आपल्याला नक्की ठाऊक आहे, आणि मुलांना सांगायला एवढे पुरे आहे.

म्हणून माझी मागणी अशी. पुढच्या २२ डिसेंबरला कुठल्याही शाळेत जाल तेव्हा भाषणाची सुरुवात त्या पाटीपासून करा. मूळ संख्यांचे चुकलेले सूत्र सांगा, यादीतून सुटलेली संख्या सांगा, २५ रुपये देणारा कलेक्टर सांगा, अंत्यविधीला न आलेले नातलग सांगा. जमले नाही तर भाषण करू नका. आणि मुख्याध्यापकांना, संस्थाचालकांना माझी विनंती आहे: गणित दिनाला वक्ता मिळाला नाही तरी काही अडत नाही. मुलांना फळ्यावर ५ ची विभाजने मांडायला सांगा, चुकू द्या, खोडू द्या, पुन्हा लिहू द्या. उत्तर सात आहे, आणि ते प्रत्येकाला स्वतःच्या हाताने काढता येते.

आपली,
गणिताची एक शिक्षिका